दिवाळीनंतर सर्फिंगला जायचंय, कोल्हापुरातनं कुठलं गाव गाठू?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, हसायचं नाही हे आधीच सांगतो. आम्ही चौघं, सगळे पस्तिशीच्या अलीकडं-पलीकडं, एक बँकेत, एकाचं चप्पल लाईनला दुकान, एक शेतकरी आणि मी कॉम्प्युटरवाला, तर आम्हाला सर्फिंग शिकायचंय. ते बोर्डावर उभं राहून लाटेवरनं घसरत येतात बघा, ते. मे महिन्यात तारकर्लीला बनाना राईडवरनं पाण्यात आपटलो तेव्हापासनं डोक्यात किडा वळवळायलाय. पंचगंगेवरचा त्रिपुरीचा दीपोत्सव बघायचा आणि त्यानंतरच्या आठवड्यात तीन-चार दिवस काढायचे असं ठरलंय.

आता विचारायचं ते असं की नोव्हेंबरात आपल्याकडं लाटा असतात का, का समुद्र नुसता रंकाळ्यासारखा गप्प पडलेला असतोय. पोहायला सगळ्यांना येतंय, तिघं पंचगंगेत शिकलोय आणि शेतकरीबुवा विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून. बोर्ड विकत घ्यावा काय? गाडीच्या टपावर कॅरिअर हाय. माणशी आठ हजारात बसवायचंय. आणि गर्दी, डीजे, शॅकवरचा धांगडधिंगा नको, सकाळी कोंबडं आरवतंय असं गाव पाहिजे.

पेठेतला_पप्प्या
भावा एवढ्या लांब कशाला, रंकाळ्यात टाक की बोर्ड. जलपर्णी धरून उभा राहशील, पडायची भीतीच नाही.

चौकातला_चहा
चप्पल लाईनवाल्याला म्हणावं कापशी चप्पल घालून उभा राहा बोर्डावर, ग्रिप लई भारी.

सायली_आठवी_गल्ली
वरच्या दोघांचं झालं असंल तर मी बोलू का. मी गेली तीन वर्षं जातो, दरवर्षी दिवाळीनंतरच, त्यामुळं जरा इस्कटून लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जे पाणी असतं ते शिकायचं पाणी नव्हे. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर आदळत असतो, सगळा समुद्र खवळलेला आणि गढूळ, तिथं मुरलेली माणसंच उतरतात आणि ती पण जागा बघून. ऑक्टोबर उजाडला की हे सगळं बसायला लागतं. मग नोव्हेंबरात लाट येते कुठनं? तर लांबनं. पार दक्षिणेकडं हिंदी महासागराच्या टोकाला वादळं होत असतात, तिथनं उठलेली लाट आठवडाभर प्रवास करत आपल्याकडं येते. येईपर्यंत बारीक झालेली असते, गुडघ्याएवढी, कधी कमरेएवढी, पण दोन लाटांमधी अंतर मोठं असतं, बारा-चौदा सेकंदाचं. वाऱ्यानं जवळच उठलेली लाट पाच-सहा सेकंदाला एक अशी येते, तिच्यात काय सुधरत नाही. नवख्याला ही लांबनं आलेली बारकी लाटच बेस्ट, पडल्यावर उठून नाकातलं पाणी काढून परत बोर्ड सरळ करायला वेळ मिळतो.

दुसरं वाळूचं. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतो, तिचे आत बांध तयार होतात. पावसाळा संपला की ती वाळू हळूहळू माघारी येते. दिवाळीच्या सुमाराला हे बांध अजून बऱ्यापैकी आत असतात म्हणून लाट किनाऱ्यापासनं लांब, उथळ पाण्यात फुटते आणि पांढरा फेस लांबवर पळत येतो. लाट फुटायचा साधा हिशेब हाय, तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर पाणी आलं की ती कोसळते. म्हणजे दोन फुटी लाट अडीच फूट पाण्यात. तुम्ही पहिले दोन दिवस ह्या फेसातच काढणार आहात, बाहेरच्या हिरव्या न फुटलेल्या लाटेचं स्वप्न बघू नका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. सहावीत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय आपण, मार्कांसाठी पाठ केलेलं, ते इथं कामाला येतंय. रात्री जमीन गार होते म्हणून पहाटेपासनं वारा जमिनीकडनं समुद्राकडं वाहतो, तो मतलई. तो लाटेला समोरनं धरतो, लाट गुळगुळीत उभी राहते. दहा-अकरा वाजले की वारा फिरतो, खारा वारा सुटतो आणि पाण्याची पार खिचडी होते. त्यामुळं साडेसहा ते साडेनऊ हा तुमचा दिवस. बाकी वेळ जेवा, झोपा, भांडा. रात्री बसणारी पार्टी असंल तर सर्फिंगचं नाव काढू नका.

गाव म्हणशील तर उत्तर गोव्यातलं मांद्रे, नाहीतर त्याला लागून आश्वे. माझ्या माहितीत आपल्या जवळात जवळ शिकवणारी शाळा आणि भाड्यानं बोर्ड, दोन्ही तिथंच मिळतंय. मोरजीपासनं हरमलपर्यंत जवळजवळ सगळा वाळूचा किनारा. मांद्र्यात मागं ओढा हाय, माड हायत, कोंबडी पण हायत.

बोर्ड विकत घेऊ नको. भाड्यानं मिळतोय तोच बास.

पुण्याचा_पाहुणा
माहिती उत्तम. फक्त एक शंका, नाव सायली आणि मी जातो, मी लिहितो? आयडी कोणाचा वापरताय?

सायली_आठवी_गल्ली
कोल्हापूरची हाय. आमच्यात पोरी पण जातो, येतो, खातोच म्हणतात. चला पुढं.

पेठेतला_पप्प्या
पुण्याचा विषय जाग्यावर पलटी.

हुबळीचा_जावई
गोवा नको रे, सारखं काय गोवा गोवा. करायचंच असंल तर खरं सर्फिंग कर्नाटकात, मुळकीला. मंगळूरच्या अलीकडं, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथं. भारतात सर्फिंगची पहिली शाळा म्हणतात ती तिथलीच, २००४ सालची, स्वामी लोकांनी काढलेला सर्फिंग आश्रम. पहाटे जप, मग लाट, मग शाकाहारी जेवण. भारताच्या सर्फिंग फेडरेशनचा कारभार पण मंगळूरकडनंच चालतो. ओळीनं किनारेच किनारे. जाताना गोकर्ण, मुर्डेश्वर पण होतंय.

रंकाळ्याचा_वारा
मुळकी किती लांब पण?

हुबळीचा_जावई
हुबळी, अंकोला, मग किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली. पाचशेच्या वर जातंय किलोमीटर. एका दमात होतंय की.

रंकाळ्याचा_वारा
तीन दिवसातले दोन गाडीतच. आणि शाकाहारी म्हटल्यावर चप्पल लाईनवाला आत्ताच ग्रुप सोडून गेला.

देवबागचो_झील
मी मूळ मालवणजवळच्या देवबागचा, आता गोकुळ शिरगावला नोकरीला. हा धागा सकाळपासून वाचतोय आणि एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो. पंचगंगेत पोहलोय, विहिरीत पोहलोय, हे तुम्ही लोक ज्या जोरात सांगता ना, त्याचीच आम्हाला भीती वाटते. राग मानू नका. दरवर्षी घाटावरची पोरं आमच्याकडे येतात, पोहायला चांगली असतात म्हणूनच आत जातात. न येणारा गुडघ्याच्या वर जातच नाही.

नदीला ओढ एका दिशेला असते, विहिरीला नसतेच. समुद्राची ओढ जागा बदलते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठूनतरी परत जाणार, ते जिथून जातं तिथे वाळूत खोलगट वाट झालेली असते. आता गंमत अशी की त्या वाटेवर लाट फुटत नाही, पाणी शांत आणि काळपट दिसतं, बाजूला दोन्हीकडे फेस. नवखा माणूस म्हणतो इथे लाट नाही, इथूनच उतरू. आणि नेमका तिथूनच आत जातो. कधी ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहा, पंचवीस-तीस वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी), फेस दिसला की त्याच्याबरोबर बाहेर. बोर्ड असेल तर बोर्ड सोडायचा नाही, तोच तुमचा पत्र्याचा डबा.

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम दिसायला एक नंबर, पण तिथे कोणी बोर्ड घेऊन उतरू नका. बोटवाले रोज जातात म्हणजे तुम्ही जाऊ शकता असं नाही.

आणि रापण. सकाळच्या वेळेला आमच्या किनाऱ्यावर रापण लागलेली असते, होडीने जाळं अर्धगोल टाकून आणलेलं असतं आणि दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं दोर ओढत असतात. तो दोर पाण्याखाली दिसत नाही. एकदा एक पाहुणा चालत त्यात अडकला, पायाचं कातडं सोललं आणि वर बांगडा निसटला म्हणून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. दोर दिसला की लांब राहा, ओढायला हात लावलात तर वाटणीचे चार बांगडे मिळतील. म्हातारे म्हणतात ता खोटा न्हय, दर्याक पाठ दाखवू नये.

रंकाळ्याचा_वारा
दादा राग कशाला, हेच पाहिजे होतं. भरती-ओहोटीचं काय बघायचं? ॲपवर नुसते आकडे दिसतात, डोक्यावरनं जायलंय.

देवबागचो_झील
कॅलेंडर असेल ना भिंतीवर? तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते, थोडं इकडेतिकडे. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला सुकती, संध्याकाळी परत भरती. पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा-बाराला भरती, आणि ते उधाण, पाणी वर पण जास्त चढतं आणि खाली पण जास्त जातं, ओढही जास्त. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा फरक कमी. तुम्ही त्रिपुरीनंतरच्या आठवड्यात म्हणताय म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपास, भांगाचं पाणी, तुमच्यासारख्यांना बरं. सात वाजता उतरलात तर पाणी उतरत असेल, नऊच्या सुमाराला मध्यावर.

सायली_आठवी_गल्ली
झीलदादा हे सोनं हाय. मी तीन वर्षं ॲपला चिकटून बसतोय आणि ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

रंकाळ्याचा_वारा
आईला विचारून तिथी लिहून घेतल्या. तिला वाटलं मी उपास धरायलोय, जाम खूश होती.

ऊसकरी_बापू
रस्त्याचं कोण बोलंना म्हणून मी. नोव्हेंबर म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटलेली असणार. रात्री गाडी काढणार असला तर डोळ्यात तेल घालून चालवा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला दोन-दोन फूट बाहेर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि समोरच्याची गाणी एवढ्या जोरात की तुमचा हॉर्न त्याला ऐकायला जाणार नाही. मी स्वतः ऊसवाला हाय, माझाच ट्रॅक्टर असतोय त्यात, म्हणून सांगतो. वळणावर ट्रॉली पलटी होऊन रस्ताभर ऊस पडलेला असला तर तास-दोन तास गेले. आणि दराचं आंदोलन पेटलं तर चक्काजाम, मग महामार्गावर बसा शेंगा खात. निघायच्या आदल्या दिवशीचा पेपर वाचून निघा.

मांद्र्याला जायचं म्हणजे गगनबावड्याचा विषय नाही, तो मालवणकडं जाणाऱ्यांचा. तुम्ही निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. पुढं आरोंद्यावरनं किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा, हरमल, मांद्रे. दोनशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे साडेतीनला निघा.

आजऱ्यात घनसाळ भाताची कापणी चालू असंल तर काचा खाली करा. एसी बंद. मग कळंल मी काय म्हणतोय.

डॉ_तात्या
वैद्यकीय दोन शब्द. चौघंही खुर्चीत बसणारे दिसता, शेतकरी सोडून. सर्फिंगमध्ये उभं राहायचा वेळ सगळा मिळून मिनिटभर आणि पॅडल मारायचा तास. खांदे आणि मानेची मागची बाजू धरणार. आजपासून रोज जोर मारा, कोल्हापुरात तालमीची लाज वाटायला नको. पालथं झोपून एका झटक्यात उभं राहायचा सराव घरी गादीवर करा. पाणी अठ्ठावीस-एकोणतीस अंशाचं असतं, त्यामुळं थंडीचा सूट लागत नाही, पण पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घाला, नाहीतर बोर्डाला छाती-पोट घासून सालटं निघतात. पावसाळ्यानंतर जेलीफिश असतात. चिकटली तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड पाणी ओतू नका. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, वाळूत पाकट मासा बसलेला असतो, घासत गेलात की तो आधीच पळतो.

चौकातला_चहा
तात्या, मॅच बघायला आलेल्यांना पण जोर मारायला लावणारा माणूस.

रंकाळ्याचा_वारा
अपडेट. गादीवरचा सराव चालू हाय. काल रात्री अकराला हॉलमधी पालथा पडून झटक्यात उभा राहत होतो, वडील पाणी प्यायला उठले, दारात थांबून तीन वेळा बघितलं आणि म्हणाले, गॅस झालाय का, ओवा खा.

खोल्या बघितल्या, मांद्र्यात एका घरात दोन खोल्या, आजी जेवण करून घालणार. शाळेला फोन केला, दोन तासाचं शिकवणं दोन हजाराच्या वर-खाली सांगायलेत. चौघं हाय म्हटल्यावर जरा कमी करतील म्हणाले. आणखी काय विचारायचं त्यांना?

सायली_आठवी_गल्ली
शिकवणाऱ्याकडं आयएसएचं, म्हणजे सर्फिंगच्या जागतिक संघटनेचं, नाहीतर आपल्या फेडरेशनचं सर्टिफिकेट हाय का, आणि जीवरक्षकाचं ट्रेनिंग झालंय का. एका शिकवणाऱ्याकडं किती जण? चाराच्या वर नको. बोर्ड मऊ फोमचा पाहिजे, आठ-नऊ फुटी, बँकवाला वजनदार असंल तर नऊच. छोटा बोर्ड स्टायलिश दिसतोय म्हणून मागू नका, त्याच्यावर तुम्ही उभं नाही, नुसतं बुडणार.

आणि एक नियम कपाळावर लिहून जावा, बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधी कधीच धरायचा नाही. पहिल्या वर्षी मी धरला होता. लाट आली, बोर्ड सरळ तोंडावर. समोरचा अर्धा दात आता नकली हाय.

पेठेतला_पप्प्या
बरं झालं सांगितलं, मी म्हणत होतो सायली एवढी गोड का हसती.

सायली_आठवी_गल्ली
पप्प्या तुझे दोन काढतो.

संपादक_मंडळ
कृपया विषयाला धरून.

रंकाळ्याचा_वारा
वाईट बातमी. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होणार म्हणायलेत, नेमका आमच्या तारखांच्या तोंडावर. कॅन्सल करू काय? उलट लाटा मोठ्या येतील म्हणून बँकवाला उड्या मारायलाय.

देवबागचो_झील
बँकवाल्याला खाली बसवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्राचा भरवसा नसतो. २००९ ला नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा आमच्याकडच्या होड्या मासेमारीला बाहेर होत्या, ती रात्र आमच्या गावात अजून कोणी विसरलेलं नाही. २०१९ ला क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा, दोन्ही किनाऱ्यापासून लांबून गेली, तरी देवबागात पाणी घरांच्या पायऱ्यांना लागलं. वादळ लांबून जातंय म्हणून समुद्र शांत असेल असं समजू नका.

हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज लाटांचा अंदाज देते, किनाऱ्यानुसार, उंच लाटांचा इशारा असेल तर तो पण. मच्छीमार तेच बघतात. ते रोज सकाळी बघा. बंदरावर बावटा चढला असेल तर घरी बसा. बहुतेक चार-पाच दिवस पुढे ढकलावं लागेल, तोपर्यंत अमावास्येचं उधाण जवळ येईल, पण वादळापेक्षा बरं.

रंकाळ्याचा_वारा
ढकललं. आजी फोनवर म्हणाल्या, दर्या खंय पळून वचना, मागीर येयात, म्हणजे समुद्र कुठं पळून जात नाही, नंतर या. पण आता शेतकरीबुवांचा घोळ झालाय. त्यांची ऊसतोड कधी येईल सांगता येत नाही, टोळीनं उद्या येतो म्हटलं तर ते उद्याच फडात.

ऊसकरी_बापू
टोळीच्या मुकादमाला चहापाणी करा, चार दिवस पुढं सरकतंय. आमच्यात ह्याला पण सर्फिंगच म्हणतात, येईल त्या लाटेवर उभं राहायचं.

रंकाळ्याचा_वारा
परवा रात्री आलो परत. आज खांदे वर जाईनात, तरी लिहितो कारण इथल्या लोकांनी एवढं सांगितलंय.

साडेतीनला निघालो. बापू म्हणाले तसं निपाणीच्या अलीकडंच एक ट्रॉली आडवी, अर्धा तास तिथं. आजऱ्याच्या पुढं काचा खाली केल्या. बापू, मान गये, थंड हवेत तो भाताचा वास, कुणीतरी कुकर उघडल्यासारखा, चौघं पण गप्प बसलो होतो पाच मिनिटं, आमच्या गाडीत हे पहिल्यांदाच झालं. आंबोलीत धुकं एवढं की बॉनेट दिसंना, टपरीवर चहा मारला आणि नऊला मांद्र्यात. त्या दिवशी पाण्यात गेलो नाही, नुसतं वाळूत बसून पाणी बघितलं. झीलदादांनी सांगितलेली ती काळी शांत पट्टी खरंच दिसली, दोन्हीकडं फेस आणि मधी गुळगुळीत रस्ता. खरं सांगतो, धागा वाचला नसता तर मी तिथनंच उतरलो असतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला हजर. मास्तर तिथलाच पोरगा, पंचविशीचा, आधी अर्धा तास वाळूवर बोर्ड ठेवून पालथं झोप, उठ, झोप, उठ. मग पाण्यात. छातीभर पण नाही, कमरेएवढ्या. बोर्डावर पालथा पडलो, मास्तर मागनं बोर्ड धरून उभा, मागनं फेस आला, त्यानं ढकललं आणि ओरडला, अप. मी गादीवर शंभर वेळा उठलोय पण गादी पळत नाही राव. उजवा पाय आला, डावा गुडघ्यावरच राहिला, बोर्ड एकीकडं आणि मी एकीकडं. नाकातनं घुसलेलं पाणी डोळ्यातनं बाहेर आलं असं वाटलं. असं पंधरा-वीस वेळा. बँकवाल्यानं समुद्राकडं पाठ करून फोटोला पोज दिली, मागनं आलेल्या गुडघ्याएवढ्या लाटेनं त्याला साष्टांग नमस्कार घालायला लावला. गॉगल गेला, तो काय मिळाला नाही.

आणि शेतकरीबुवा. तिसऱ्या लाटेला उभे. नुसतं उभं नाही, वाळूला लागेपर्यंत उभे, गुडघे वाकवून, हात जरासे फाकवून, मान सरळ. मास्तर म्हणतो आधी कुठं शिकलाय? ते म्हणाले शिकलोय कुठं, लहानपणी बैलांच्या मागं कुळवावर उभा राहायचो, वजन पडावं म्हणून बा उभा करायचा. ढेकळातनं कुळव हिसके देतोय, बैल थांबले की पुढं पडायचं नाही आणि चालले की मागं. हे तर पाणी, मऊ हाय. मास्तरला कुळव समजंना, मग वाळूत काठीनं काढून दाखवला. पुढचे दोन दिवस तो बाकीच्या नवख्यांना कुळव कुळव म्हणून ओरडत होता.

माझं तिसऱ्या दिवशी झालं. साडेआठ वाजले असतील, मतलई वारा अजून होता, तोंडावर गार लागत होता. फेस आला, ह्यावेळी मास्तरनं ढकललं नाही, मीच चार हात मारले. बोर्ड उचलला गेला, एकदम हलका, मी उठलो आणि पायाखाली बोर्डाची थरथर लागली, बारीक, गिरणीत दळण चालू असताना पिठाच्या डब्याला हात लावल्यावर लागती तशी. खाली बघू नको म्हणाले होते म्हणून माडांकडं बघत होतो. माड जवळ यायले. बास, एवढंच, पाच-सहा सेकंद. मग वाळूला लागून तोंडावर पडलो. चप्पल लाईनवाला म्हणतो तुझं तोंड बारशातल्या पोरासारखं झालं होतं.

दहाला वारा फिरला की बाहेर, आजींकडं बांगड्याची उडदमेथी, झोप. सगळं मिळून माणशी आठ हजार सातशे झाले, सातशे वाढले ते जेवणात. चप्पल लाईनवाल्याला शेवटच्या दिवशी जेलीफिश लागली मांडीला, तात्यांचं ऐकून चोळली नाही, तासाभरात उतरलं.

आणि घरी पोचलो तर टोळी फडात हजर. शेतकरीबुवा पाठीला वाळू तशीच घेऊन कोयता घेऊन गेले.

डॉ_तात्या
आठवडाभर जोर बंद करू नका. आता खरे खांदे तयार होतायत.

देवबागचो_झील
काळी पट्टी ओळखलीत, बरं वाटलं वाचून. पुढच्या वेळी सुटीत घरी असेन तेव्हा कळवा, रापण ओढायला नेतो.

सायली_आठवी_गल्ली
थरथर लागली म्हणजे लागलं खूळ. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी जाणार हाय, येणार असला तर सांगा. तेव्हा मोरजी-आश्व्याला कासवं अंडी घालायला यायला लागतात, रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या मारत फिरायचं नाही एवढीच अट.

रंकाळ्याचा_वारा
आम्ही तिघं नक्की. बुवांचं ऊस गेला की. गाडीतली वाळू कशी काढायची कुणी सांगंल काय, तीन वेळा व्हॅक्यूम मारला, चौथ्यांदा पण निघायलीय.

ऊसकरी_बापू
निघत नाही. विकताना गाडीबरोबर द्यायची.

पेठेतला_पप्प्या
डिसेंबरला मी पण येतो की. जागा हाय का गाडीत?

सायली_आठवी_गल्ली
पोहायला येतंय का आधी?

पेठेतला_पप्प्या
येतंय की. रंकाळ्यात शिकलोय.

रंकाळ्याचा_वारा
जलपर्णी धरून?